साक्षगंधाची अंगठी आणि सुजलेलं बोट

सहावा महिना सरताना काय काय होतं, ते मला विचारा! पाय सुजतात, छातीत जळजळ होते, पोटऱ्यांत गोळे येतात, बाळ आतून लाथा घालतं. सगळं वाचून पाठ! डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "अंगठ्या काढून ठेवा, बोटं सुजतील." मी मनात म्हटलं, सुजतील त्यांची सुजतील! माझी बोटं म्हणजे कोवळ्या भेंड्या. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, चढलेली अंगठी मी कशाला उतरवू?

पुढच्याच शनिवारी उठले, तर भेंडीच्या जागी गुलाबजाम! आणि त्यात अंगठी रुतलेली.

सासूबाईंनी, म्हणजे प्रेमिलाबाईंनी, तेलाची बाटली आणली. माझ्या नवऱ्यानं, धम्मानंदनं, साबण आणला. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं मला धरायचं!

"आई, ओढू नका ना! बोट हातात येईल!"

"मंग दोरा गुंडाळून पाहू का वं?"

दोरा गुंडाळला. आता दोराही निघेना! बोट जांभळं पडायला लागलं, तशी मी खरंच घाबरले. सासूबाईंनी कात्रीच्या टोकानं दोरा कसाबसा काढला आणि मी डॉक्टरबाईंना फोन केला. डोकं दुखतं का, अंधारी येते का, सगळं विचारून त्या म्हणाल्या, "परवाच्या तपासणीत बीपी चांगला होता. आधी अंगठी कापून घ्या, मग हॉस्पिटलला येऊन जा."

कापून! मला रडूच फुटलं. हल्ली मला साबणाच्या जाहिरातीवरही रडू येतं, पण हे रडू खरं होतं.

धम्मानंद शेजारी बसला. "अंगठी जोडता येते वं माया. बोट नाही जोडता येत."

ऑटोत बसून आम्ही इतवारीत सोनाराकडे निघालो. तेवढ्यात त्याच्या सावनेरच्या सरितामावशीचा फोन आला. रस्त्यावर हॉर्नचा कल्ला, शेजारी मी मुसमुसते आहे, आणि हा ओरडतो आहे, "मावशी, मायाची साक्षगंधाची अंगठी काढून राहिलो! नाही, आता दुसरा इलाज नाही! कापून टाकतो अन् मोकळं होतो! हो, तीच रडून राहिली! चंपतराव सोनाराकडे चाललो, मंग बोलतो!"

फोन बंद. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही!

सोनार चंपतरावांचं दुकान अरुंद गल्लीत. त्यांनी अंगठीखाली पातळ पट्टी सरकवली, करवतीचं छोटं चाक लावलं. कर्र... आवाज झाला आणि दारातून गर्जना आली, "खबरदार!"

दारात माझे बाबा! गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानातून तसेच धावत आलेले, हातात कापड मोजायचा लोखंडी गज. दरोडा पडला समजून चंपतरावांनी दोन्ही हात वर केले!

"काहो जवाई, सावनेरहून फोन आला मले! पोटुशी पोरगी आहे माझी, अन् तुम्ही तिची साक्षगंधाची अंगठी काढून घेऊन राहिले?"

"बाबा, मी कुठं घेऊन राहिलो? ती निघूनच नाही राहिली!"

"म्हणजे ती नाही म्हणते, तरी ओढून राहिले?"

गल्लीत गर्दी झाली. हातगाडीवाल्यानं गाडी तिथंच सोडून सल्ला दिला, "भाऊ, बैठके बात करो!" मागचे टेम्पो कोकलायला लागले. मी तोंड उघडणार, तर बाळानं नेमकी मूत्राशयावर लाथ हाणली. दुसरी. तिसरी!

"बाबा!" मी सगळ्यांच्या वर आवाज काढला. "मले आधी बाथरूमले जायचं आहे!"

अख्खी इतवारी चूप! वरच्या माळ्यावरून चंपतरावांच्या बायकोनं हाक मारली, "ये वं बाई, वर ये."

परत आले, तोवर धम्मानंदनं बाबांना खरं काय ते सांगितलं होतं; गज कोपऱ्यात आणि बाबा स्टुलावर. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"एवढं सुजलं, अन् मले सांगतलं नाही?"

अंगठी कापून होईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. डोळे मात्र घट्ट मिटलेले, जणू बोट त्यांचंच कापलं जात होतं! टक्क करून अंगठी सुटली. मी रडले, बाबा रडले, धम्मानंद उगाचच चष्मा पुसत बसला. तिथून तिघंही हॉस्पिटलला गेलो. बाळाचे ठोके ऐकले, सगळं ठीक होतं.

संध्याकाळी पाय उशीवर ठेवून पडले होते, तर बेल वाजली. सरितामावशी! दोन पिशव्या, एक गाठोडं. आम्ही दिवसभर फोन करत होतो, तिचा मोबाइल बंद. आल्या आल्या तिनं मला कवटाळलं. "घाबरू नको वं पोरी, मी आली आता!"

धम्मानंदनं सगळं समजावलं. अंगठी, सूज, चंपतराव, सगळं. मावशी ऐकत राहिली. मग पिशव्या उचलून आमच्या खोलीत शिरली.

"भांडण नाही, हे बरंच झालं. पण पोरीचा संसार सावरायले जाऊन राहिली म्हणून अख्ख्या मोहल्ल्याले सांगून आली मी! आता वापस कोणत्या तोंडानं जाऊ? बाळाचं नाव ठेवूनच जाईन!"

धम्मानंद उशी घेऊन हॉलमध्ये गेला. तो अजून तिथंच आहे. मावशी माझ्या शेजारी झोपते. आमच्या दोघींच्या घोरण्याचा सूर छान जमतो, असं सासूबाई म्हणतात!