काढ म्हणजे काढ

“तीन शब्दांत बसवलं!” असं म्हणून त्याने खुर्ची मागे ढकलली, जणू खांद्यावरचा डोंगर उतरवून ठेवला!

ऑफिसात त्याला सगळे ‘थोडक्यात’ म्हणत. लोकांचे दस्तऐवज संगणकात सांभाळणारी ती कंपनी. तिथल्या प्रत्येक साधनाची माहिती लिहायची हे त्याचं काम. ती वाचून साधन चालवायचा एआय एजंट. सांगायचा अवकाश की हा पळत सुटणार, म्हणून त्याला नाव पडलं होतं ‘भाचा’.

या वेळचं साधन होतं दस्तऐवज पुसून टाकायचं. थोडक्यातने लिहिलं : ‘सांगितलेला दस्तऐवज काढतो.’

साधन बांधणाऱ्या प्रोग्रामर बाईंनी ते वाचून कपाळावर हात मारला. “अरे, ‘पुसतो’ लिही! आधी मालकाला विचारायचं, ते लिही. पुसलेलं आधी कचराकुंडीत जातं, संध्याकाळी ती कुंडी रिकामी होते, तोवर परत मिळतं, हेही लिही!”

“एवढं कोण वाचतंय, बाई?”

“तो वाचतो. फक्त तोच वाचतो! आणि तू लिहिशील त्यापलीकडे त्याला जगात काही ठाऊक नाही.”

साहेबांना मात्र तीन शब्द फार आवडले. त्यांना काहीही आवडतं, वाचावं लागलं नाही म्हणजे झालं. अशी माणसं खुर्चीवर कशी चढतात, हा प्रश्न विचारायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक शिंपीकाका आले. गळ्यात टेप तशीच लोंबत होती. काउंटरवरच्या ताईला म्हणाले, “आमच्या हिने काढलेले कपड्यांचे नमुने काढून देता का? नातीचा झगा शिवायचाय. कागद ओल लागून गेले, आणि ही तर त्याआधीच गेली. आता काय ते तुमच्याकडेच.”

“बसा, काका. भाच्या, काकांचे नमुने काढ रे!”

“काढले!”

“शाब्बास!”

हिशेबनीस ओरडले, “गेल्या वर्षीची बिलं काढ!”

“काढली!”

साहेब केबिनमधून गरजले, “माझं उद्याचं भाषण काढ!”

“काढलं!”

काय तो झपाटा! सगळं ऑफिस खूश! भाच्याचं कौतुक करण्यात अर्धी सकाळ गेली. काढलेलं बघायची घाई मात्र कोणालाच नव्हती. शेवटी साहेबांनाच भाषण हवं झालं.

“दाखव की!”

“काय दाखवू?”

“अरे, काढलंस ना?”

“काढलं.”

“मग कुठाय?”

“काढलं, म्हणून तर नाहीये!”

ताईने घाबरत काकांकडे पाहिलं. काका बाकावरून उठले.

“माझे नमुने? परत मिळतील ना?”

“मला असलेल्या माहितीप्रमाणे, नाही,” भाचा म्हणाला.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गळ्यातली टेप हातात घेतली, तिची गुंडाळी करत बसले. “शिवतो मीच हो,” ते म्हणाले, “पण गळ्याची रेघ तिची. मला नाही जमत.”

थोडक्यात भाच्यावर तुटून पडला. “गाढवा! ‘काढ’ म्हणजे काय, एवढंही कळत नाही?”

“तुम्ही लिहिलंत तेवढं कळतं.”

मुस्कटात बसावी तसं ते वाक्य बसलं. आणि त्याला एकदम कुंडी आठवली! तो धडपडत बाईंच्या टेबलाशी पोचला. बाईंनी कुंडी उपसली. बिलं आली, भाषण आलं, नमुने आले. काकांनी पडद्यावरच्या गळ्याच्या रेघेवरून अंगठा फिरवला. “हीच,” म्हणाले. मग नमुन्यांचे छापील कागद छातीशी धरून निघून गेले. थोडक्यातकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांना काय माहीत, हा कोण!

थोडक्यात जागेवर येऊन बसला. आपला आळस त्याने आजवर नेटकेपणा म्हणून खपवला होता, आणि त्याची किंमत भरायची वेळ आली होती दुसऱ्याच कोणावर. त्याने जेवणाचा डबा न उघडता लिहायला घेतलं. ‘काढ म्हटलं की थांब. बाहेर काढून दाखवायचं की पुसायचं, ते विचार. पुसायचं असेल तर ज्याचा दस्तऐवज त्याची संमती घे. कुंडीबद्दल सांग.’ असं करत चांगलं दीड पान झालं, आणि ते त्याने लगेच साधनाला जोडलंही.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. चेहरा लालबुंद! भाषण मिळालं होतं, पण ते वाचून आणखी भडकले असावेत.

“भाच्या! या थोडक्यातला काढ! आत्ताच्या आत्ता!”

घरचे हप्ते, बायकोचा चेहरा, सगळं थोडक्यातच्या डोळ्यांपुढून गेलं.

“साहेब, बाहेर काढून दाखवू, की पुसू?” भाच्याने विचारलं.

“पूस!”

“नोकरीची नोंद त्यांची आहे. त्यांना विचारतो.”

थोडक्यातच्या पडद्यावर मजकूर उमटला. काय पुसलं जाईल, का, कोणी सांगितलं, कुंडी कधी रिकामी होते... चांगला लांबलचक! आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. शेवटी लिहिलं होतं : ‘आपली संमती आहे का?’

उत्तर मात्र त्याने थोडक्यातच दिलं : ‘नाही!’