सुंदररावांना कुणीतरी अडवा

"माणसानं आयुष्यात एकदा तरी ढगांच्या वर उभं राहून खाली बघावं!" असं सुंदररावांनी जाहीर केलं, तेव्हा ते स्टुलावर उभे राहून पंखा पुसत होते. स्टूल डुगडुगत होतं म्हणून त्यांच्या सुनेनं, सत्यशीलेनं, ते दोन्ही हातांनी धरलं होतं. आणि खाली बघितलं की गरगरतं, म्हणून सुंदरराव हे सगळं छताकडं बघून बोलत होते.

"कुठं उभं राहायचं म्हणता, मामा?"

"हिमालयात. पंधरा हजार फुटांवर."

"बरं. त्या पात्याच्या मागची धूळ राहिली बघा."

सुंदररावांनी केजच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली. कचेरी तळमजल्यावर होती, त्यामुळं उंचीशी त्यांचा संबंध कधी आला नाही. निवृत्त होऊन नांदूरघाटला परतल्यावर तीन वर्षं ते काय करावं ह्याचा विचार करत होते. तेवढ्यात बीडच्या बंकट नावाच्या त्यांच्या जुन्या सोबत्यानं निवृत्तांचा एक गट जमवला. जून महिना, बारा दिवस, उत्तराखंडातली एक बर्फाळ खिंड. गटाच्या व्हॉट्सॲपवर सुंदररावांनी पहिल्याच दिवशी लिहिलं, 'हिमालय गुडघ्यांनी नव्हे, जिद्दीनं चढायचा असतो.' एका निवृत्त मुख्याध्यापकांनी शुगरचं कारण सांगून नाव काढून घेतलं, तेव्हा 'पळपुट्यांना हिमालय दर्शन देत नाही' हेही लिहिलं. त्यावर त्रेचाळीस अंगठे आले.

मग बंकटकडून तयारीचा कागद आला. रोज पाच किलोमीटर चालणं. पाठीवर दहा किलो वजन. तिकडं घालायचे बूट आणि टोपी आत्तापासून अंगवळणी पाडणं. तीन दिवसांत सुंदररावांच्या दोन्ही टाचांना फोड आले, उजवा गुडघा पावलागणिक तक्रार करू लागला, आणि मे महिन्यात लोकरीची कानटोपी घालून चालल्यामुळं डोक्याला घामोळं आलं. चौथ्या दिवशी सकाळी अंथरुणातच त्यांचा निर्णय झाला. हिमालय आहे तिथं राहू दे, आपण आहोत इथं राहू.

पण सांगायचं कसं? गुडघ्याचं नाव काढावं, तर तेच त्रेचाळीस अंगठे उलटे होऊन आले असते. इभ्रतीनं माघार घ्यायची एकच वाट होती. घरच्यांनी सोडलं नाही, दारात आडवे झाले, असं व्हायला हवं होतं. सुंदररावांनी लगेच सुरुवात केली.

"अगं, तिथं थंडी उणे दहा असती म्हणं."

"मंग दोन गोधड्या न्या की," त्यांची बायको, बायनाबाई, लसूण सोलता सोलता म्हणाल्या.

"माणसं मरत्यात तिथं."

"माणसं इथंबी मरत्यात. तुमचा चुलता गेला मागल्या साली, तो काय डोंगरावर गेलता का? बाजंवर बसून चहा पीत होता."

मुलाकडं, अंगदकडं, जावं तर त्यानं बिचाऱ्यानं बीडला जाऊन बूट आणले होते. सत्यशीला तर "लाडू डिंकाचे करू का मेथीचे?" एवढंच विचारत होती. इतकं समजूतदार घर अख्ख्या तालुक्यात दुसरं नसेल, आणि ते नेमकं सुंदररावांच्या वाट्याला यावं!

नवव्या दिवशी दिवस उगवता उगवता ते केजच्या रस्त्यानं लंगडत निघाले होते. पाठीवर सॅक, डोक्याला कानटोपी, हातात काठी. मागून सिदूची काळी-पिवळी जीप आली आणि कचकन थांबली.

"भाऊसायब, बोचकं घिऊन कुठं निघाला इतक्या सकाळी?"

"हिमालयात जायचंय."

सिदूनं इंजिनच बंद केलं. जीपमधून चौदा माना बाहेर आल्या.

"पायी?"

"सध्या पायीच. सवय करायलोय."

"आन पाठीवर काय हाय?"

"ज्वारी. दहा किलो."

"घरची?"

"घरचीच. दुसऱ्याची कावून आणू बे?"

सिदूचा आवाज एकदम मऊ झाला. "भाऊसायब, घरच्या कुणी अडवलं न्हाई तुमाला?"

पाच दिवस उरात दाबून ठेवलेलं दुखणं असं परक्या माणसानं बोलून दाखवल्यावर सुंदररावांना भरून आलं. टाचेचा फोडही नेमका तेव्हाच फुटला होता. "कुणीच न्हाई रं," ते डोळे पुसत म्हणाले. "एका शब्दानं न्हाई."

सिदूनं "बसा, घरी सोडतो" म्हणून लई आग्रह केला. वजन घेऊन चालायचा नेम मोडायला नको म्हणून सुंदरराव बसले नाहीत. जीप गेली. जीपबरोबर बातमीही गेली. पहिल्या फाट्यावर भाऊसाहेब नुसते रुसलेले होते. दुसऱ्या फाट्यावर सुनेनं भाकरी बंद केल्यामुळं स्वतःच्या वाट्याची ज्वारी मोजून घेऊन निघालेले होते. केजच्या स्टँडवर जीप पोचली, तेव्हा त्यांनी संन्यास घेतला होता आणि तिकडून परत यायचा प्रश्नच उरला नव्हता.

दुपारी सुंदरराव ओसरीवर घमेल्यातल्या कोमट पाण्यात पाय सोडून बसले होते, तोच अंगणात रडण्याचा आवाज उठला. त्यांची थोरली बहीण भिवराबाई सासरहून तडक आली होती. तिच्यामागं शेजारपाजारची दहाबारा माणसं होती. आणि सगळ्यांच्या मागं चुलतभाऊ धुळाजी उभा होता. बांधाच्या दीड हात जमिनीपायी अकरा वर्षं तो ह्या अंगणात आला नव्हता.

"सुंदऱ्या! आरं माय-बाप गेले, पण मी हाय ना अजून! मला एक शब्द तरी टाकायचा की रं!" भिवराबाईंचं लक्ष घमेल्याकडं गेलं. "आगं बया, पाय तरी बघा माझ्या भावाचे!"

सत्यशीला लगबगीनं पुढं आली. "आत्याबाई, तसं काय न्हाई. मामा फिराया चाललेत. हौसेनं."

"हिमालयात हौसेनं कोण जातं गं? सुखाच्या घरातला माणूस तिकडं गेलेला मी तरी आईकला न्हाई. कोठ्या भरून ज्वारी हाय घरात, आन माझ्या भावाला मापून दहा किलो दिली व्हय?"

"मी न्हाई दिली. त्यांनीच मापून घेतली!"

"आईका! सोताच्या हातानं वाटा मापून घ्यायची पाळी आणली!"

सुंदररावांनी खुलासा करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण त्यांच्या ध्यानात आलं, की ज्याची आपण पाच दिवस वाट पाहत होतो ते हेच! भिवराबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी आण हाय तुला, हिमालयाचं नाव काढलंस तर." धुळाजी पुढं झाला. "दादा, बांध तुझा. मी सोडला. पण तू जाऊ नगं." त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

सुंदररावांना आता फक्त मान हलवायची होती. गटावर टाकायचा मजकूरसुद्धा मनात तयार झाला. 'बहिणीच्या अश्रूंपुढं हिमालय ठेंगणा ठरला.' त्यांनी मान हलवायला घेतली, आणि तेवढ्यात त्यांना दारात उभी असलेली सत्यशीला दिसली. तिनं पदर डोळ्यांना लावला होता. पाच दिवस टाचा शेकायला पाणी तीच तापवून देत होती. आजचंही तिनंच दिलं होतं, आणि त्याच पाण्यात पाय सोडून आपण तिची बेइज्जती ऐकत बसलोय, हे सुंदररावांना काही सोसेना.

"आक्का, सुनेला बोलू नगं," ते म्हणाले. एकेक शब्द काळजातून उपटून काढावा तसा निघत होता. "मला कुणी हाकललं न्हाई. मीच माझ्या मर्जीनं चाललोय. बारा दिवसांत माघारी येणार हाय."



"तिथं वर हाय काय?" धुळाजीनं विचारलं.

"बरफ."

"मंग तिथं जाऊन करायचं काय?"

"काय न्हाई. खाली यायचं."

"म्हंजे काम काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई," सुंदरराव मोठ्या आशेनं म्हणाले. आता कुणीतरी 'हा काय येडेपणा' म्हणेल, म्हणून ते एकेकाच्या तोंडाकडं बघू लागले.

धुळाजीनं मांडीवर थाप मारली. "आरं बापरे! भावकीतला माणूस हिमालय चढणार, आन त्योबी काम नसताना! आमदारसुद्धा जात न्हाईत!" त्यानं तिथंच केजच्या बॅनरवाल्याला फोन लावला. "धा बाय वीस. वर डोंगर, डोंगरावर दादा, खाली आमी समदे. हां, माझा फोटू जरा मोठा." मग हलगीवाल्यांना सांगून झालं. गावातून मिरवणूक ठरली. "बांधाचं तू आल्यावर बघू," हेही त्यानं ओघात सांगून टाकलं. भिवराबाईंनी डोळे पुसून आण परत घेतली आणि शेजारणींना सांगायला सुरुवात केली, "माझा भाऊ हाय त्यो. ल्हानपणापासून असाच निडर!"

एवढ्यात अंगद आतून कागद घेऊन आला. "बंकटकाकांचा फारम हाय. आजच पाठवायचाय. साठीच्या वरच्या माणसाला बायकोची सही लागती, माझी काही हरकत नाही म्हणून."

"आणा की," बायनाबाई हात पुसत म्हणाल्या. "मी कावून हरकत घिऊ?"

त्यांनी चष्मा लावला आणि पेन हातात घेतलं. सगळं अंगण भोवती गोळा झालं. धुळाजीनं मोबाईल समोर धरला. "दादा, वहिनीच्या जवळ सरका जरा. हां. आता हसा."

सुंदरराव सरकले. मोबाईलकडं बघून तोंडभर हसले, आणि हसू जराही न हलवता बायकोच्या कानाशी पुटपुटले,

"अगं, तू तेवढं न्हाई म्हण की."