कोणाले सांगू नोको

रंगूभाऊ डांगोरे यांचा धंदा लोकांना जाहीरपणे गोष्टी सांगण्याचा होता, आणि आयुष्यभर ते कुजबुजत राहिले. मी थट्टा करतोय असं वाटेल, पण पांढुर्ण्यातल्या माझ्या वयाच्या कोणालाही विचारा. मोठ्यानं बोलताना रंगूभाऊंना आम्ही एकदाच ऐकलं. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण ते सांगायलाच बसलोय.

एरवी ते यायचे, आमच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे, इकडेतिकडे बघायचे, आणि अंगोछा तोंडाशी धरून म्हणायचे, "वसंता, कोणाले सांगू नोको, पण..."

या "पण"च्या पुढे काय असेल ते सांगता यायचं नाही. कधी हिवतापाची फवारणी, कधी तरुणांचं श्रमदान शिबिर, कधी डोळ्यांचे डॉक्टर. त्यांच्या दारावर पाटी होती: "रं. ना. डांगोरे, सांगणारे". नवखा माणूस विचारायचा, काय सांगता? रंगूभाऊ हळूच म्हणायचे, "ज्याचं काम असन त्याचं."

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि त्याच्या मागोमाग आमचं भलं करणाऱ्यांची रीघ लागली होती. क्षयवाले आले, हिवतापवाले आले, दूधपावडरवाले आले, पोरांना कवायत शिकवणारे आले. काही नागपूरहून यायचे, काही पार समुद्रापलीकडून. सगळ्यांची अडचण एकच. त्यांना द्यायचं होतं आणि आम्हाला घ्यायचं नव्हतं. मग कोणीतरी त्यांना रंगूभाऊंच्या दाराशी आणून सोडायचं. रंगूभाऊ यांपैकी कोणाचेच नोकर नव्हते. नोकरीचं विचारलं तर म्हणायचे, "नोकरी केली का मालकाचंच खरं सांगा लागते. मी सुटा आहो तोच बरा."

एकदा क्षयाची लस टोचायला एक गोऱ्या मिसबाई आल्या. सोबत मोठा भोंगा आणि रंगीत चित्रं. रंगूभाऊंनी भोंग्याकडे जावयाच्या नवीन बुटांकडे बघावं तसं बघितलं आणि दुभाष्याच्या कानात सांगितलं, "बाईले म्हणा, भोंग्यानं सांगितलेलं भोंग्यापाशीच राहते. खबर सांगाची नसते. सांडाची असते."

मग ते सांडायला निघाले. आधी न्हाव्याकडे, मग जिनिंगच्या फाटकाशी, मग विहिरीवर, मग आमच्या पायरीवर. प्रत्येक ठिकाणी चहा, आणि प्रत्येक ठिकाणी तेच: "कोणाले सांगू नोको, पण बाईजवळ सुया थोड्याच आहेत. म्हणून सांगून राहिलो, आपल्या घरचे आधी उरकून घ्या." दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर अशी झुंबड उडाली की मिसबाईंची टोपी शेवटपर्यंत सापडली नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही नेमकं काय केलंत? रंगूभाऊ म्हणाले, "चहा पेलो."

आता हा मार्ग काही धोक्याचा नव्हता असं नाही. सांडलेलं पाणी कुठे वाहत जाईल, सांडणाऱ्याला थोडंच ठाऊक असतं. दूधपावडरचे पिंप आले तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे हळूच सांगितलं की या भुकटीत लय ताकद आहे. ताकद हा शब्द गावभर फिरून तरुण मंडळाच्या आखाड्यात पोचला. तिथल्या पोट्ट्यांनी एक पिंप परस्पर उचललं आणि कबड्डीच्या मैदानाच्या सगळ्या रेघा दूधपावडरनं आखल्या, म्हणजे ताकद तळपायातून वर चढावी. सामना सुरू व्हायच्या आधी गावातली सगळी मांजरं मैदानावर हजर. समोरचा सौंसरचा संघ जिंकला. आमचे पोट्टे म्हणाले, मांजरांनी मधली रेघ चाटली म्हणून हरलो.

रंगूभाऊंना गावाबद्दल बरेच सिद्धांत होते. त्यातला एक ते मला वारंवार ऐकवायचे. "वसंता, गाव शिव्या देऊन राहिलं तं भेव नाही. हसून राहिलं तं त्याहून नाही. गाव ज्याच्याबद्दल गप्प बसलं ना, त्याले गावानं टाकलं समज." मी मान डोलवायचो. वीस-बावीसचं वय, दुकानात गिऱ्हाईक, कोण लक्ष देतो.

त्यांचं घर आमच्या घराला लागून. मधे एकच भिंत. पण त्या घरातलं भांडण आम्हाला नेहमी अर्धंच ऐकू यायचं, कारण अनुसयावहिनींचा आवाज स्टेशनापर्यंत जायचा आणि रंगूभाऊंचा भिंतीपर्यंतही नाही. "मी कधी म्हटलं तसं?" मग शांतता. "अवो, पन संत्री काय फुकट येतात?" पुन्हा शांतता. "हाव, माह्या बापानंच शिकवलं मले!" मधल्या मोकळ्या जागा आमची आई चुलीपाशी बसून भरायची आणि हसत राहायची. हे रंगूभाऊ पलीकडच्या खेड्यातून लग्नानंतर इथे येऊन राहिलेले. त्यांचं लहानपण इथे कोणी पाहिलं नव्हतं. कुजबुज ही त्यांच्या धंद्याची युक्ती आहे, असंच सगळे धरून चालले होते.

मग राज्यांची फेररचना आली. पांढुर्णा आणि सौंसर कुठे जाणार, याशिवाय बाजारात दुसरा विषय नव्हता. आमची संत्री नागपूरला जायची, पोरी काटोल-नरखेडला दिलेल्या, दवाखाना नागपूरचा, कोर्ट नागपूरचं. आता म्हणे नागपूर तिकडे मराठी मुलखात आणि आम्ही कदाचित इकडे हिंदी मुलखात. जो तो रंगूभाऊंना गाठायचा. इतके साहेब, इतक्या मिसबाई यांच्या ओळखीच्या, यांना ठाऊक नसेल तर कोणाला?

आणि एका सकाळी रंगूभाऊ पायरीवर बसले, अंगोछा तोंडाशी धरला. "कोणाले सांगू नोको, पण पक्कं झालं. आपण नागपूरसंगच."

दुपारच्या आत ते गावभर झालं. माझ्या बाबूजींनी, ज्यांच्या हातून कापडाचा तुकडा वर सुटत नसे, त्यांनी पेढे वाटले. जामसांवलीच्या हनुमानाला नारळ गेले. लोक रंगूभाऊंना रस्त्यात थांबवून पान द्यायचे.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. तिगाव स्टेशन सोडून गाडी नागपूरकडे निघाली की जरा वेळानं परराज्य. राजधानी भोपाळ, जिचं तोंड आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. गावानं राग कोणावर काढायचा? भोपाळ लांब होतं. रंगूभाऊ जवळ होते.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला सांगितलं तरी कोणी होतं? त्यांनी अंगोछ्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाले, "कोणीच नाही रे. मले वाटलं, सगळे तसंच म्हणून राहिले तं तसंच होईन."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. इतक्या गोष्टी त्यांनी नुसत्या म्हणून घडवल्या होत्या, मग हीदेखील घडेल असं वाटण्यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं, असं मला वाटलं. पण त्यांचा शब्द उतरला तो उतरलाच. ते "कोणाले सांगू नोको" म्हणायचे आणि लोक खरंच कोणाला सांगायचे नाहीत.

अशात क्षयाच्या लसीची तुकडी पुन्हा आली. या वेळी मिसबाईंनंतर जन्मलेल्या पोरांसाठी, आणि नव्या सरकारच्या जीपमधून. नवा साहेब हिंदी बोलणारा, माणूस भला. पण त्याच्या आधीच एक बातमी गावात पोचली होती, आणि ती कोणी सांडली देव जाणे. ती अशी की ही सुई मिसबाईंची नाही, नव्या सरकारची, आणि ती टोचली की दंडावर जो वण उठतो तो भोपाळचा शिक्का आहे. ज्याच्या दंडावर शिक्का, तो कायमचा भोपाळचा. उद्या सरकारचं मन फिरलं आणि आपण नागपूरला गेलो, तरी शिक्केवाली पोरं इकडेच राहणार. हसू नका. शहाणीसुरती माणसं पोरांना कोठीत लपवत होती. माझ्या आईनं माझ्या धाकट्या बहिणीला, कुसुमला, मामाकडे पाठवायची तयारी केली होती. शेजारच्या गल्लीत त्याच साली क्षयानं एक तरणी बाई गेली होती, तरीही.

रंगूभाऊ न्हाव्याकडे गेले, जिनिंगच्या फाटकाशी गेले, विहिरीवर गेले. न्हावी म्हणाला, "आधी नागपूरची खबर खरी करा, मंग सुईचं सांगा." विहिरीवरच्या बायांनी घागरी उचलल्या आणि निघून गेल्या. शाळेच्या मैदानावर साहेब रिकाम्या बाकासमोर बसून होता. आमच्या दुकानात येऊन म्हणाला, "कल तक कोई नहीं आया तो हम लोग आगे निकल जाएँगे." रंगूभाऊ पायरीवरच बसले होते. त्यांनी ते ऐकलं आणि ते उठून गेले.

दुसरा दिवस बाजाराचा. ऐन गर्दीत, संत्र्यांच्या ढिगांच्या मधोमध एक रिकामा खासर उभा होता. खासर म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. बैल सोडलेले, जू जमिनीला टेकलेलं. रंगूभाऊ त्यावर चढले. अनुसयावहिनी खाली उभ्या राहिल्या आणि गाडी डुगडुगू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी जू दाबून धरलं. रंगूभाऊंनी अंगोछा खांद्यावर टाकला, सदऱ्याची बाही वर केली आणि तोंड उघडलं.

"भा... भा... भा... भाऊहो!"

बाजार थबकला. आवाज घोगरा, वापर नसलेल्या कुलपासारखा अडकणारा. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळे मिटलेले.

"ना... ना... नागपूरचं मी खो... खो... खोटं बोललो. मले कोणी नाही सां... सांगितलं. सु... सु... सुईचं खरं आहे. शि... शिक्का नाही तो. माह्या दं... दंडावर पाहा. मी मि... मिसबाईच्या वेळी टो... टोचून घेतली. पो... पो... पोरं मरतीन, बाप्पा. पोरं घे... घेऊन या."

कुठेतरी एक पोट्टा हसला. त्याच्या आईनं त्याच्या थोबाडीत दिली. रंगूभाऊ प्रत्येक शब्दाशी झुंजत होते आणि सारा बाजार तो शब्द सुटेपर्यंत श्वास धरून उभा होता. मला सारखं वाटत होतं, वहिनींनी पुढचं बोलून टाकावं. त्यांचा एवढा मोठा आवाज, एका दमात सांगून मोकळ्या झाल्या असत्या. पण त्या जू धरून उभ्या होत्या. नवऱ्याचा एकही शब्द त्यांनी त्याच्या तोंडातून घेतला नाही.

तेव्हा आम्हाला कळलं. कुजबुजताना हा माणूस अडखळत नसे. मोठ्यानं बोलला की अडखळत असे. एवढी साधी गोष्ट त्यानं धंद्याखाली झाकून ठेवली होती, आणि आमच्या पोरांसाठी भर बाजारात उघडी केली.

त्या दुपारी मैदानावर बाया पोरांना काखेत घेऊन आल्या. माझी आई कुसुमला घेऊन गेली. साहेबाला संध्याकाळपर्यंत पाणी प्यायला उसंत मिळाली नाही.

आणि मग आमच्या गावानं एक गोष्ट केली, जी त्यानं आधी कधी केली नव्हती. ते गप्प बसलं. कोणी ठरवलं नाही, कोणी कोणाला बजावलं नाही. पण त्या बाजाराबद्दल, त्या खासराबद्दल, त्या बोलण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. न्हाव्याकडे नाही, विहिरीवर नाही. पोट्ट्यांनी नक्कल केली नाही. ज्या गावाच्या पोटात तीळभर गुपित राहत नसे, त्यानं रंगूभाऊंची लाज राखली. आम्हाला आमचाच अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

आठवड्यानं रंगूभाऊ पायरीवर आले. बाबूजींनी चहा मागवला. अंगोछा तोंडाशी धरून त्यांनी विचारलं, "शेठजी, गावात काय बोलून राहिले?"

बाबूजी मायेनं म्हणाले, "काही नाही, रंगूभाऊ. कोणी काही नाही बोलून राहिलं."

"काहीच नाही?"

"एक शब्द नाही. तुम्ही निर्धास्त राहा."

रंगूभाऊंनी अर्धा चहा तसाच ठेवला. त्यानंतर ते आमच्या पायरीवर आले नाहीत. दारावरची पाटी उतरली. काही दिवसांनी दोघं सौंसरकडे, वहिनींच्या भावाच्या संत्र्याच्या बागेत राहायला गेले. आम्ही म्हटलं, वय झालं, दगदग नको असेल. कोणी त्यांना थांबवलं नाही. थांबवायचं तर कारण काढावं लागलं असतं, आणि कारण काढलं तर तो बाजार निघाला असता.

पुढे काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं तेव्हा मी सौंसरला गेलो. अनुसयावहिनी ओसरीवर बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. कुसुम आता शाळेत जाते, धडधाकट आहे. गावानं रंगूभाऊंचा मान कसा राखला, कधी कोणी त्या दिवसाचं नाव काढलं नाही, हेही सांगितलं.

मग वहिनी बोलल्या, आणि ज्यांचा आवाज स्टेशनापर्यंत जायचा त्यांचं बोलणं ऐकायला मला पुढे झुकावं लागलं.

"थोडं हसले असते लोक तरी चाललं असतं, वसंता. त्याईले वाटलं तं असतं, आपल्याबद्दल बोलून राहिले."