चुरीकाकांची मंडळी

आमचे शेजारी चुरीकाका रिकाम्या टाकीला कोळंबी खाऊ घालत. टाकीत मासा नव्हता. वाढवणहून कॅनमधून आणलेलं समुद्राचं पाणी, दगड आणि गुरगुरणारा पंप एवढंच. कोळंबी कुजायची आणि रेल्वेतून निवृत्त झालेला हा बुकिंग क्लार्क समाधानाने बघत बसायचा. मासे कधी आणणार, असं विचारलं की म्हणायचे, "आधी मंडळी जमू द्या."

मंडळी म्हणजे जिवाणू. ते दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजात राहतात, माशांच्या घाणीतून तयार होणारं विष पचवतात. "मासे पाहुणे. घर चालवते ती मंडळी," हे काका दूधवाल्यालाही ऐकवत. तो म्हणे, "जे दिसत नाय त्यांना कोळंबी, नि आम्हाला चहा पण नाय."

मंडळी जमली, दोन नारिंगी मासे आले. पाठोपाठ काकांची थोरली बहीण, अक्का, नवरा गेल्यावर राहायला आल्या. भावाला भार नको म्हणून दिवसभर काहीतरी घासत असत. बॅग मात्र त्यांनी दाराजवळच ठेवली होती, भरलेली.

दिवाळीच्या सफाईत त्यांनी फिल्टरचा काळपट स्पंज आणि शेवाळलेले दगड उकळून, नळाखाली घासून लख्ख केले. दोन दिवसांत मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. काकांनी टाकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं ते पाणी हिरवं झालं, म्हणजे मंडळी मेली होती आणि विष साठलं होतं.

त्यांनी बादली उचलली. मला स्कूटर काढायला लावली. चारोटीच्या एका हॉटेलवाल्याच्या समुद्री टाकीला त्यांनीच पूर्वी आपल्या टाकीतले, मंडळी जमलेले दगड दिले होते.

"माहेरी न्यायला आलात होय?" त्याने हसत दगड काढून दिले.

समुद्राच्या पाण्यात बुडवलेले दगड बादलीत, बादली काकांच्या मांडीवर, असे आम्ही परतलो. अर्धं पाणी बदललं, दगड ठेवले. आठवड्याभरात मासे पुन्हा तळाशी फिरू लागले.

दगड ठेवले त्याच संध्याकाळी अक्का दारापाशी उभ्या होत्या, हात बॅगेवर. "माझ्यामुळे झालं ना रे?"

"तुझ्यामुळे कसं? पंप बंद पडला होता."

पंप, जो कधीच बंद पडला नव्हता, मागे गुरगुरत होता.

आता अक्कांची बॅग माळ्यावर आहे, आणि दर रविवारी काका त्यांना एक मळका स्पंज देतात. "तुझ्याइतका स्वच्छ करायला कोणाला जमत नाय, अक्का." त्या तो शुभ्र करून उन्हात वाळत घालतात.

हा फिल्टरमध्ये कुठे बसतो, असं मी एकदा काकांना विचारलं.

"कुठेच नाही," ते हळूच म्हणाले. "शनिवारी चिकूच्या झाडाखाली मातीत नेऊन मीच मळवतो."