चौथ्या मजल्यावरचा सोफा

"सोफा आहे ना! चांगला ऐसपैस आहे. गुडघ्यांची काळजी तुम्ही करूच नका," असं मास्तरनं फोनवर सासूबाईंना ठणकावून सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर बायकोकडे बघायचं टाळलं. कारण घरात बसायला जमिनीवर टाकलेली एक गादी होती, दोन लोड होते आणि ठकीच्या खेळण्यांची उलटी केलेली पेटी होती. पेटीवर ठकी बसायची. पाहुणे अजून कुणी आलेच नव्हते.

"सोफा कुठाय?" सिस्टरनं विचारलं.

"येईल."

"चालत?"

सिस्टर म्हणजे मास्तरची बायको. ती खरोखरीची नर्स होती आणि तिच्याच नोकरीपायी हे तिघं या परक्या गावात आले होते. तो खरोखरीचा भूगोलाचा मास्तर होता. पण इथली भाषा येत नसल्यामुळे सध्या घर, स्वयंपाक आणि ठकी सांभाळून संध्याकाळी भाषेच्या वर्गाला जायचा. नवराबायको एकमेकांना मास्तर आणि सिस्टर म्हणायचे. मास्तरच्या आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "बायकोला बहीण म्हणतात का रे, मेल्या!" असं ती प्रत्येक फोनला म्हणायची.

सासूबाई पुढच्या आठवड्यात येणार होत्या. त्यांचे गुडघे जमिनीवर बसू देत नसत, आणि बसल्याच तर उठू देत नसत. म्हणून शनिवारी सकाळी दूध घेऊन परतताना मास्तरला गल्लीच्या कोपऱ्यावर, कचऱ्याच्या मोठ्या डब्यांशेजारी एक हिरवा सोफा दिसला, तेव्हा त्याला देवच पावल्यासारखं वाटलं. नको झालेलं सामान इथले लोक रस्त्याकडेला ठेवतात आणि ज्याला हवं तो उचलून नेतो, हे त्यानं वर्गात ऐकलं होतं. तो धावतच घरी आला.

"फेकलाय म्हणजे मोडका असणार," सिस्टर म्हणाली.

"बसून बघितलंय मी."

"कुठे?"

"तिथेच. डब्यांशेजारी. दुधाची पिशवी मांडीवर घेऊन. एक आजोबा माझ्याकडे बघत बघत गेले."

सिस्टर खाली आली. तिनं सोफ्याला रोग्यासारखं तपासलं. पाठ दाबली, पोट दाबलं, वाकून वास घेतला, खाली मान घालून ढेकूण-बिकूण आहेत का ते पाहिलं. मग हात झटकत म्हणाली, "प्रकृती ठणठणीत आहे. उचल."

त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि घर दुसऱ्या मजल्यावर. दारापाशी कुणाचा तरी सामानाचा ट्रक उभा होता. त्याला वळसा घालून दोघांनी सोफा कसाबसा आत आणला. ठकी एक हिरवी उशी डोक्यावर घेऊन पुढे चालत होती. पहिल्याच वळणावर सोफा जिन्यात असा अडकला, की तो वर जाईना आणि खालीही येईना.

"तिरका कर," सिस्टर खालून ओरडली.

"तिरकाच आहे."

"मग सरळ कर!"

"हे बघ, तुझं टोक जरा उत्तरेकडे घे..."

"उत्तर गेली खड्ड्यात! आधी माझ्या पायावरून तुझा सोफा काढ!"

इतक्यात वरून एक दाढीवाला धिप्पाड माणूस उतरत आला. सोफा बघून तो थबकला. मग परीक्षेला न बसताच पास झालेल्या मुलाचा उजळावा, तसा त्याचा चेहरा उजळला. तो काहीतरी भराभर बोलला. मास्तरला इथल्या भाषेतली तीनच वाक्यं खात्रीनं येत होती, आणि त्यांपैकी एक 'माझ्याकडे मांजर आहे' हे होतं. म्हणून तो नुसता हसला. दाढीवाला सोफ्यावरून चढून खाली गेला, त्यानं सिस्टरला हलकेच बाजूला केलं, खालचं टोक एकट्यानं उचललं आणि एका हिसक्यात सोफा सोडवला.

"बघ, कशी देवमाणसं असतात," मास्तर धापा टाकत म्हणाला. "ओळख ना पाळख!"

दुसरा मजला आला. सिस्टरनं पुढे होऊन दार उघडलं. दाढीवाल्यानं मान डोलावली आणि सोफा उत्साहानं आत रेटला. इतक्या उत्साहानं, की मास्तर उलट्या पावली थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला. अर्धा सोफा घरात आलाही. सिस्टरच्या डोळ्यांसमोर तिची आई पाय सोडून बसलेली दिसायला लागली.

तेवढ्यात वरच्या कठड्यावरून एका बाईचा आवाज आला. लांबलचक, गोड आणि कौतुकानं भरलेला. दाढीवाला जागच्या जागी थिजला. त्याचा चेहरा पडला.

"काय म्हणते गं ती?" मास्तरनं विचारलं. ठकी इथल्याच शाळेत जायची, त्यामुळे घरातली दुभाषी तीच.

"ती म्हणतेय, तुम्ही किती चांगले आहात," ठकीनं उशी सावरत सांगितलं. "आणि वळवायला आत घेतलात ते बरं केलंत. पण सोफा चौथ्या मजल्यावर न्यायचाय. ते तिथे आज राहायला आलेत ना. सोफा त्यांचा आहे."

मास्तरच्या हातातून सोफ्याचं टोक सुटता सुटता राहिलं. सिस्टरनं डोळे मिटून घेतले. खालचा तो ट्रक, हे वरून उतरणारे गृहस्थ, सगळा उलगडा एकदम झाला. भर सकाळी, लेकीला पुढे घालून, आपण शेजाऱ्याचा सोफा पळवत होतो, आणि तोही त्याच्याच हातून!

"आता गं?" मास्तर कुजबुजला.

"आता काय? हस," सिस्टर दातांतल्या दातांत म्हणाली. "आपण मदत करतोय. पहिल्यापासून मदतच करत होतो. उचल!"

मग अर्धा आत आलेला सोफा पुन्हा बाहेर निघाला. प्रत्येक पायरीला दाढीवाला असा उसासा टाकत होता, की मास्तरला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. 'ओळखलं यानं आपल्याला,' त्याच्या मनात आलं. 'सज्जन आहे म्हणून पोलिसांना बोलवत नाही एवढंच.' या विचारानं त्यानं इतका जोर लावला, की चौथा मजला येईपर्यंत त्याच्या कमरेतून दोनदा कट्ट आवाज आला.

सोफा खिडकीखाली लागला. दोघं निघणार, तर ती बाई सिस्टरचे दोन्ही हात धरून बोलतच राहिली. पोट पुढे आलेली, दिवस भरत आलेली ती बाई खुर्चीच्या आधारानं उभी होती. ते पाहिल्यावर सिस्टरमधली नर्स जागी झाली.

"हिला काहीही उचलू द्यायचं नाही. मास्तर, ट्रकमध्ये अजून काय काय आहे?"

बरंच होतं. कपाट होतं, पलंग होता, कपडे धुण्याचं यंत्र होतं आणि भांड्यांची खोकी तर संपता संपेनात. आलिया भोगासी म्हणत मास्तर दुपारपर्यंत खालीवर करत राहिला. पापक्षालन म्हणून त्यानं सगळ्यांत जड खोकी स्वतः मागून घेतली.

शेवटी सगळे दमून बसले. बाईनं पाव, चीज आणि गरम चहा पुढे ठेवला आणि ठकीकडे वळून काहीतरी विचारलं.

"बाबा, काकू विचारतेय, सोफा त्यांचा आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

मास्तरनं हातातला पाव खाली ठेवला. "सांग, अंदाजानं कळलं."

ठकीनं त्याच्याकडे मोठ्या नवलानं पाहिलं. खोटं बोलू नये, हे तिला यानंच शिकवलं होतं. ती वळली आणि हातवारे करत बराच वेळ बोलली. मध्येच तिनं जमिनीवरून कण्हत उठणाऱ्या माणसासारखे गुडघे धरून दाखवले. ती आजी होती. मग नाकाला हात लावून वास घेतला. ती आई होती.

"काय सांगितलंस?" सिस्टरनं क्षीण आवाजात विचारलं.

"खरं."

मास्तरनं पायांपाशी पाहिलं. फरशी दुभंगेल अशी चिन्हं नव्हती. आणि मग ती बाई हसायला लागली. हसता हसता तिनं पोट धरलं, तशी सिस्टर घाबरून उठली, तर बाईनं तिलाच मिठी मारली. डोळे पुसत तिनं कोपऱ्यातल्या दोन उंच, हात असलेल्या लाकडी खुर्च्यांकडे बोट केलं.

"काकू म्हणतेय, ट्रकवाल्यांनी सामान असं कुठेही उतरवलं की असंच व्हायचं. आणि या खुर्च्या आजीला न्या. यातून उठायला सोपं पडतं. आणि आजी आली की तिला वर घेऊन या. आणि सोफ्यावर बसायला तुम्हीपण या, विचारायचं नाही."

सिस्टरनं नको नको म्हणून पाहिलं, पण बाई ऐकेना. या गावात आल्यापासून कुणी तिला पहिल्यांदाच 'घरी ये' म्हणत होतं. तिनं घाईघाईनं ठकीच्या केसांतली क्लिप सारखी केली, आणि ती करताना मास्तरकडे पाठ फिरवली.

दाढीवाला दोन्ही खुर्च्या दोन हातांत घेऊन त्यांच्याबरोबर निघाला. मास्तर मागून चालत मनातल्या मनात माफीचं वाक्य जुळवत होता. दुसऱ्या मजल्यावर खुर्च्या टेकवून दाढीवाल्यानं आधी वर पाहिलं. बायको कठड्याशी नाही याची खात्री केली. मग तो खाली वाकला आणि ठकीच्या कानात बराच वेळ, अगदी दुःखानं बोलला.

"रागावलाय का गं?" मास्तरनं विचारलं.

"नाही. काका म्हणतोय, तो सोफा काकूच्या आत्यानं लग्नात दिलाय. त्याला तो मुळीच आवडत नाही. म्हणून त्यानं आज गुपचूप डब्यांजवळ नेऊन ठेवला होता." ठकीनं श्वास घेतला. "आणि म्हणतोय, एवढा आत ढकलून दिला होता, तर तुम्ही पटकन दार का नाही लावून घेतलंत?"