कुमुदचा दुपारचा बार

शुक्रवार, ६ मार्च १९९८. नवऱ्याच्या शर्टांना इस्त्री करत होते, तेवढ्यात जिन्यातून कुमुद सामंतची हाक आली, "वहिनी, यल्ला, चला! रात्र झाली!"

दुपारचे तीन वाजले होते.

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये रात्र कुमुद करायची, जाड पडदे ओढून आणि लाल बल्ब लावून. तरुणपणी लंडनला नोकरीत असताना तिने तळघरातला एक बार पाहिला होता. दारावर पाटी नाही, आत फक्त बायका, आणि बायका बायकांना मिठीत घेऊन नाचतायत. "तिथे कळलं वहिनी, मी एकटीच अशी नाही," ती सांगायची.

दुबईत तसा बार कुठला? म्हणून दर शुक्रवारी, सुट्टीचे पुरुष क्रिकेटला गेले की, ती घरातच उघडायची. चपला आणि नवरे दाराबाहेर, एवढाच नियम. वेस्टकोट घालून शिलाई मशीनमागे उभी राहायची, लोणच्याच्या बरणीत कोकम सरबत घुसळायची आणि बजावायची, "कडक आहे, जपून." भिंतीला टेकलेली बाई तिला खपत नसे. मला म्हणायची, "नाचताय की कणीक मळताय?"

ग्लास विसळायला ट्रीझा, मंगळूरची नर्स. सगळ्या तिला कुमुदची रूममेट म्हणत. मला विचाराल तर ते जोडपं होतं, आणि माझ्या संसारापेक्षा बरं चाललं होतं.

त्या शुक्रवारी ट्रीझा सोफ्यावर नुसती बसून होती. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून भावाने तिला कायमचं परत बोलावलं होतं. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. कुमुद एकेकीला ओढून नाचवत होती, थट्टा करत होती, पण सोफ्याकडे बघायला तयार नव्हती.

"खलास! बार बंद," मीच ओरडले.

"अहो, आत्ता तर आलो!" बायका कुरकुरल्या.

"मी भजी तळतेय. चला खाली माझ्याकडे."

बाकी सगळ्यांना बाहेर काढलं, टेप चालू ठेवला आणि दार ओढून घेतलं.

सकाळी ऑफिसला उशिरा येते असं कळवून मी गाडी काढली. दोघींना मागे बसवलं. विमानतळावर उतरताना ट्रीझा मला म्हणाली, "भाभी, इसको टाइम पे खाना खिलाना."

परतताना कुमुद पुढे बसली. 

"चहा प्यायचाय की रडायचंय?" मी विचारलं.

"दोन्ही."

वाटेत सतवा भागात एका कॅफेटेरियासमोर गाडी थांबवून हॉर्न वाजवला. चहावाला काचेशी वाकला. "कितना?"

"तीन," कुमुद बोलून गेली, आणि मग तिला हुंदका आवरेना.

तिन्ही चहा घेऊन मी काच वर केली आणि तिचं रडून होईपर्यंत माझा आणि तो तिसरा, असे दोन चहा संपवले.