मगदूमसाहेबांचं बोल्टन

दोह्यातल्या आमच्या मदिनत खलीफा वस्तीत दुपारी अंगाची लाही होत होती, आणि आमच्या शेजारचे मगदूमसाहेब दारात येऊन काळजीनं म्हणाले, "बोल्टनला गारा पडल्यात बघा!"

मी दचकलो. म्हटलं, "कोण आहे तुमचं तिथं?"

"कोण नाही. गाव चांगलं हाय," असं म्हणून गेले.

मगदूमसाहेब मूळचे इचलकरंजीचे, विधुर, इथल्या गॅस प्लँटमध्ये पंपांच्या देखभालीवर. पण जीव सगळा इंग्लंडातल्या बोल्टन नावाच्या गिरणगावात. सूत कातायचं नवं यंत्र तिथं कसं निघालं, मालकानं कामगारांसाठी बांधलेलं टुमदार खेडं कुठल्या ओढ्याकाठी आहे, टेकडीवरच्या दगडी मनोऱ्याकडे वाट कुठून जाते, हे सगळं न विचारता सांगणार. गणपतीत आरती झाली की लोक प्रसाद घेऊन पळतात, ते याच भीतीनं.

"किती वर्षं होता तुम्ही तिथं?" मी एकदा विचारलं.

"मी? मी कवा गेलोय?"

मी हातातला मोदक खाली ठेवला. या माणसानं अख्ख्या दोह्याला न पाहिलेलं गाव फिरवून आणलं होतं!

यंदा आम्ही लंडनला निघालो, तर साहेब खवळलेच. "लंडनला काय ठेवलंय ओ? इथल्या पर्ल बेटावर चक्कर मारली की झालं लंडन. बोल्टनला जावा!" आणि माझ्या बायकोच्या, वैशालीच्या हातात एक जड पुडकं दिलं. "वहिनी, एवढंसंच हाय. मी सांगंन तिथं उघडा." परदेशी निघालेल्याच्या हातात पुडकं न देणारा मराठी माणूस अजून जन्मायचाय, त्यामुळे आम्ही ते मुकाट्यानं बॅगेत कोंबलं.

आणि आम्ही खरंच बोल्टनला गेलो. लाल विटांच्या अवाढव्य गिरण्या, पण यंत्रं गप्प. एकीत चक्क सोफे विकायला ठेवलेले! मगदूमसाहेब व्हिडिओ कॉलवरून आम्हाला हाकत होते. "चिमणी दिसली? डावीकडं वळा. चला, यल्ला, यल्ला!" त्या मनोऱ्यापर्यंतही चढवलं. वाऱ्यानं माझी टोपी नेली. शेवटी खाली गावात आणून म्हणाले, "ते हिरवं दार. पुडकं उघडा, बेल दाबा. खलास." फोन बंद.

वैशालीनं पुडकं सोडलं. आत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी.

दार उघडलं. समोर दिवस भरत आलेली एक मुलगी, आणि नाक हुबेहूब मगदूमसाहेबांचं! इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि यांना मुलगी आहे याचा पत्ता नाही.

नारळ पाहून तिचा चेहरा उतरला. "आत्यानं सांगितलं असणार त्यांना. लग्नाला आले नाहीत. गोऱ्याशी करत्येस तर बाप मेला समज, म्हणाले. नकोय मला हे." तिनं दार लोटलं.

वैशालीनं दारावर हात ठेवला. "अगं, बापाला ओटी भरता येत नाही. बाई लागते. आई नाही तुला, म्हणून त्यांनी मला एवढ्या लांब चालवलंय."

तिनं दार पुन्हा उघडलं. मग रडत रडत तिनं स्वेटरचा घेर पुढे धरला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आम्ही निघताना तिनं ओटीतले चार तांदूळ वैशालीच्या हातावर ठेवले. "माहेराहून निघताना मागे ठेवायचे असतात ना? आई ठेवायची."

दोह्याला परतल्यावर मी ते मगदूमसाहेबांना दिले आणि कुणाचे, कसे, ते सांगितलं. बोल्टनबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. आत जाऊन तांदळाच्या डब्यात ते दाणे टाकले, झाकण लावलं आणि डब्यावर हात ठेवून उभे राहिले.

"म्हणजे पोरगी घरी येऊन गेली म्हणायची," ते म्हणाले.